तापानंतरचा थकवा मोजता येतो का?

पावसाळा सरला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार हमखास असते: ताप गेला, थकवा गेला नाही. कुणाला डेंग्यू झालेला असतो, कुणाला चिकुनगुनिया, फ्लू किंवा कोविड. यंदाच्या बऱ्याच पत्रांत आणखी एक मागणी आहे. हा थकवा आकड्यांत दाखवता येईल का? घरच्यांना, डॉक्टरांना आणि स्वतःलाही. या वेळची सगळी जागा त्याच प्रश्नाला दिली आहे.

प्रश्न : डेंग्यू होऊन अडीच महिने झाले. प्लेटलेट वर आल्या, ताप परत आला नाही, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. पण दुपारी बारानंतर अंगात त्राण राहत नाही. घरचे म्हणतात, "तू मनावर घेतलं आहेस." थकवा दाखवणारी एखादी टेस्ट नाही का? (गृहिणी, सांगली)

रक्त काढून थकव्याचा आकडा देणारी तपासणी नाही. रिपोर्ट नॉर्मल आले याचा अर्थ त्या तपासण्यांनी जी कारणे शोधली ती सापडली नाहीत, एवढाच. थकवा नाही असे त्यातून सिद्ध होत नाही, आणि "मनाचे आहे" असे तर अजिबात नाही. ऑस्ट्रेलियातल्या डब्बो या गावाच्या परिसरात तीन वेगवेगळ्या जंतूंची लागण झालेल्या 253 रुग्णांचा पाठपुरावा झाला होता, 2006 साली तो प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतरही 12 टक्के रुग्ण थकव्याने आजारी होते. त्या तीन जंतूंपैकी एक, रॉस रिव्हर विषाणू, आपल्या चिकुनगुनियाचा जवळचा नातलग आहे. थकवा कुणाचा रेंगाळेल याचा अंदाज रुग्णाच्या स्वभावावरून बांधता आला नाही. तो आला मूळ आजार किती तीव्र होता यावरून. घरी हे जरूर वाचून दाखवा.

तरीही तुमचे "सगळे रिपोर्ट" म्हणजे नेमके कोणते, ते एकदा पाहा. डेंग्यूनंतर पुष्कळदा फक्त सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, पुन्हा पुन्हा झालेले असते. थकव्यासाठी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), बी-12, ड जीवनसत्त्व, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंड), सोडियम-पोटॅशियम आणि यकृताच्या तपासण्या एकदा व्हायला हव्यात. स्नायू दुखत असतील तर सीपीके, म्हणजे स्नायूंची इजा दाखवणारी तपासणी. यात फसगत होते ती अशी. शरीरात दाह असताना फेरिटिन वाढते, त्यामुळे लोह कमी असूनही आकडा चांगला दिसतो. म्हणून फेरिटिन हे सीआरपी या दाह दाखवणाऱ्या तपासणीबरोबर वाचायचे. मोठ्या आजारातून उठताना टीएसएच काही काळ वर जाऊ शकते, तेवढ्यावरून लगेच आयुष्यभराची गोळी सुरू करू नये, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासावे. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर ते थायरॉइडच्या तपासणीत गडबड करते, दोन दिवस आधी थांबवा आणि लॅबला सांगा. संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, वजनात घट, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला यांपैकी काही असेल तर विषाणूला दोष देत बसू नका, क्षयरोगाची तपासणी आधी.

आता मोजण्याकडे वळू. थकव्याच्या दोन बाजू आहेत. एक, तुम्हाला किती थकल्यासारखे वाटते. दुसरी, काम करत गेल्यावर तुमची ताकद किती झपाट्याने घसरते आणि किती वेळाने परत येते. पहिली बाजू प्रश्नावलीने मोजतात. 'फटीग सिव्हिरिटी स्केल' 1989 पासून वापरात आहे. त्यात मागच्या आठवड्याबद्दल नऊ विधाने असतात, प्रत्येकाला 1 ते 7 गुण, आणि सरासरी 4 किंवा जास्त आली तर थकवा लक्षणीय मानतात. दुसरी बाजू खुर्ची, घड्याळ आणि ऑक्सिमीटर यांच्या मदतीने घरीही बरीचशी मोजता येते. ती पुढच्या उत्तरात.

प्रश्न : कोविडनंतर चार महिने झाले. शाळेत तीन तास घेतले की संपते. घरच्या घरी, कमी साधनांत, महिन्या-महिन्याला तुलना करता येईल असे मोजमाप सांगाल का? (शिक्षिका, सातारा)

एका मिनिटाची ऊठ-बस चाचणी. फुप्फुसांच्या पुनर्वसनात ती जगभर वापरतात.

खुर्ची बिनहाताची आणि कडक बैठकीची हवी, जमिनीपासून 46 ते 48 सेंटिमीटर उंच. टेपने मोजूनच घ्या. प्लॅस्टिकची खुर्ची लवते आणि सरकते, ती नको. खुर्चीची पाठ भिंतीला लावून ठेवा. जेवणानंतर दोन तास गेलेले असावेत, तासाभरात चहा-कॉफी नको. पाच मिनिटे शांत बसा. नाडी, ऑक्सिजन आणि दम-थकव्याचे 0 ते 10 गुण लिहून ठेवा. मग हात छातीवर आडवे घेऊन, गुडघे पूर्ण सरळ होतील इतके उभे राहायचे आणि बूड खुर्चीला टेकेल इतके बसायचे. वेग तुमचा तुम्ही ठरवा. मध्ये थांबलात तरी चालेल, घड्याळ मात्र थांबवायचे नाही. मोजणारा माणूस वेगळा असावा आणि त्याने "चल, अजून दोन!" असे म्हणू नये, कारण एका महिन्यात प्रोत्साहन आणि दुसऱ्या महिन्यात शांतता असली तर तुलनाच बिघडते.

मिनिट संपल्यावर लगेच आकडे घ्या आणि ऑक्सिमीटर आणखी दोन मिनिटे बोटावरच राहू द्या. ऑक्सिजनची घसरण अनेकदा थांबल्यानंतर दिसते, आणि लोक नेमका तेव्हाच चिमटा काढून ठेवतात. नाडी एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा लिहा. ऑक्सिजन 4 अंकांनी किंवा जास्त घसरला तर डॉक्टरांना दाखवा. मेंदी, नेलपॉलिश आणि गार बोटे यांनी आकडा चुकतो. पडद्यावरची लाट एकसारखी दिसेपर्यंत तो खरा धरू नका.

शेवटी एक गोष्ट लिहायचीच: कशामुळे थांबावे किंवा मंदावावे लागले. दम, मांड्या, चक्कर की गुडघेदुखी? चिकुनगुनियाच्या रुग्णांत हे फार महत्त्वाचे, कारण गुडघा दुखल्याने ऊठ-बस कमी झाली तर तुम्ही थकवा मोजलाच नाही, सांधा मोजला.

पहिल्या दिवसाचा आकडा सराव म्हणून सोडून द्या. दुसऱ्या वेळी युक्ती जमलेली असते आणि दोन-तीन ऊठ-बशा तशाच वाढतात. त्यात तब्येतीची सुधारणा नसते. नोंदीची सुरुवात तिथून करा.

किती व्हायला हव्यात? स्वित्झर्लंडमध्ये निरोगी लोकांवर केलेल्या मोजणीत 20 ते 24 वयाच्या पुरुषांचा मध्य 50 आणि स्त्रियांचा 47 होता, 75 ते 79 वयात 30 आणि 27. दिशा समजायला हे पुरे. पण आजारापूर्वी तुमच्या किती होत होत्या हे कुणालाच ठाऊक नाही, म्हणून खरी तुलना स्वतःशीच. दीर्घ फुप्फुसविकाराच्या रुग्णांत 3 ऊठ-बशांचा फरक अर्थपूर्ण धरतात. त्याहून कमी फरक तुम्हीही रोजचा चढउतार समजा.

यापुढचा भाग बहुतेक जण गाळतात आणि आमच्या मते सगळ्यांत मोलाचा तोच आहे. विषाणूनंतरच्या थकव्यात श्रमाचा फटका अनेकदा 12 ते 48 तासांनी बसतो. म्हणून चाचणीनंतर तीन दिवस रात्री झोपताना चार नोंदी करा: थकव्याचे 0 ते 10 गुण, दिवसा किती तास आडवे पडावे लागले, रात्री किती तास झोप, आणि डोके किती चालले. समजा सप्टेंबरात 19 झाल्या आणि नोव्हेंबरात 25, पुढचे तीन दिवस पूर्वीसारखेच गेले, तर सुधारणा आहे. 25 झाल्या पण दुसऱ्या दिवशी शाळेत जाता आले नाही, तर ती सुधारणा नव्हे. उसने घेतलेले बळ होते ते, आणि व्याज दुसऱ्या दिवशी भरावे लागले.

हे मोजमाप महिन्यातून एकदा पुरे. एका चाचणीने दोन दिवस अंथरूण धरावे लागत असेल तर ती पुन्हा करू नका. तुमच्या बाबतीत तीच नोंद म्हणजे निष्कर्ष आहे, ती डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : बस कंडक्टर आहे. तापानंतर उभे राहिले की छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. बसल्यावर बरे वाटते. ईसीजी आणि बीपी नॉर्मल. ड्यूटी बदलून मागायची तर कागदावर काय दाखवू? (सोलापूर)

तुमचा ईसीजी झोपून काढला, बीपी बसून घेतले, आणि त्रास होतो उभे राहिल्यावर. मग तो सापडणार कसा? तुमच्यासाठी दहा मिनिटे भिंतीला टेकून उभे राहण्याची चाचणी आहे. मूळ पद्धत अमेरिकेच्या नासा संस्थेच्या नावाने ओळखली जाते. ती दवाखान्यात डॉक्टरांसमोर केलेली उत्तम. घरी करायची झाल्यास शेजारी धरणारा माणूस हवाच. एकट्याने करू नका.

सकाळी, चहापूर्वी करा. नेहमीसारखे पाणी प्यायला हरकत नाही. दंडाला पट्टा लावायचे बीपी यंत्र घ्या, मनगटाचे नको. दहा मिनिटे उताणे पडून राहा आणि शेवटच्या दोन मिनिटांत दोनदा बीपी आणि नाडी घ्या. मग उठून भिंतीपाशी उभे राहा: टाचा भिंतीपासून सुमारे 15 सेंटिमीटर पुढे, खांद्यांची पाती भिंतीला टेकलेली. पाय हलवायचे नाहीत, पोटऱ्या आवळायच्या नाहीत, गप्पा मारायच्या नाहीत. पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात, चुळबुळ केली की चाचणी खोटी ठरते. दर मिनिटाला नाडी, दर दोन मिनिटांनी बीपी, दहा मिनिटे. बीपी घेताना पट्टा लावलेला हात छातीच्या उंचीवर दुसऱ्याने आधार देऊन धरावा. हात खाली लोंबत असला तर बीपी खोटे जास्त येते आणि खरी घसरण झाकली जाते. चक्कर, पायांचा जांभळट रंग, मळमळ जे होईल ते त्या त्या मिनिटापुढे लिहा. शुद्ध हरपेल असे वाटले की तिथेच थांबून आडवे व्हा आणि कितव्या मिनिटाला थांबलात ते नोंदवा.

वाचायचे असे. पहिल्या तीन मिनिटांत वरचे बीपी 20 ने किंवा खालचे 10 ने उतरले तर उभे राहिल्यावर रक्तदाब पडतो आहे. बीपी टिकले पण नाडी झोपलेल्यापेक्षा 30 किंवा त्याहून अधिक ठोक्यांनी वाढली आणि वाढलेलीच राहिली, तर 'पॉट्स' या विकाराची शंका घेतात. 12 ते 19 वयात ही मर्यादा 40 आहे. 'वाढलेलीच राहिली' हे शब्द महत्त्वाचे. झोपून 72 असलेली नाडी उभे राहताक्षणी 104 होऊन दुसऱ्या मिनिटाला 88 वर आली तर ते सामान्य आहे. ती 104, 106, 108 अशी दहाव्या मिनिटापर्यंत तिथेच राहिली तर नाही. निदानासाठी त्रास तीन महिने चाललेला असावा लागतो, आणि रक्तक्षय, पाणी कमी पडणे, थायरॉइड, फार दिवस अंथरुणात राहणे ही कारणे आधी वगळावी लागतात.

कागदाबद्दल. "अशक्तपणा आहे, हलके काम द्यावे" या ओळीला वजन नसते. डॉक्टरांना विनंती करा की काय मोजले ते लिहावे: चाचणीची तारीख, झोपून नाडी किती, दहाव्या मिनिटाला किती, लक्षणे कितव्या मिनिटाला सुरू झाली, सलग किती मिनिटे उभे राहता येते, आणि कोणते काम बसून करता येईल. पुन्हा तपासणी कधी, तेही लिहून घ्या. मुदत लिहिलेली असली की कार्यालयालाही निर्णय घेणे सोपे जाते.

प्रश्न : चिकुनगुनियानंतर कणीक मळताना, कपडे पिळताना हात गळून जातात. पहिली दोन मिनिटे ठीक असतात. हे मोजता येते का? (रत्नागिरी)

येते, आणि तुमच्या वर्णनातच त्याची किल्ली आहे. फिजिओथेरपिस्टकडे हँडग्रिप डायनॅमोमीटर, म्हणजे पकडीची ताकद किलोत मोजणारे यंत्र, असते. नेहमी तीनदा दाबायला लावून सर्वांत मोठा आकडा लिहितात. आशियाई मापदंडानुसार स्त्रियांत 18 किलोपेक्षा कमी आणि पुरुषांत 28 पेक्षा कमी म्हणजे पकड कमजोर. तुमचा तो आकडा कदाचित चांगलाच येईल, कारण पहिली दोन मिनिटे तुम्ही ठीक असता. म्हणून त्यांना पुनरावृत्तीची चाचणी करायला सांगा: कोपर काटकोनात, तीन सेकंद पूर्ण ताकदीने दाबायचे, पाच सेकंद सोडायचे, असे दहा वेळा. तासभर विश्रांती आणि पुन्हा दहा वेळा.

पहिल्या फेरीतला सर्वांत मोठा आकडा भागिले त्या फेरीची सरासरी, हा झाला थकण्याचा भागाकार. दुसऱ्या फेरीची सरासरी भागिले पहिल्या फेरीची सरासरी, हा सावरण्याचा. समजा पहिल्या फेरीत कमाल 24 आणि सरासरी 18 आली, तर भागाकार 1.33. ताकद टिकली असती तर तो 1 च्या जवळ राहिला असता. तासाभरानंतर सरासरी 15 आली तर सावरणे 0.83, म्हणजे तासाच्या विश्रांतीनेही भरून आले नाही. बोटांचे सांधे सुजलेले असतील तर पहिलाच आकडा कमी येतो आणि पुढचेही साधारण तेवढेच राहतात. दुखणे आणि दमणे यांतला भेद असा आकड्यांच्या चढउतारात दिसतो. सांधे गरम आणि सुजलेले असताना मात्र ही चाचणी पुढे ढकला.

प्रश्न : स्मार्टवॉच रोज शरीरात 'ऊर्जा' किती टक्के उरली ते सांगते. त्यावर विश्वास ठेवावा का? (आयटी कर्मचारी, पुणे)

त्या टक्क्यांवर नको. तो आकडा कंपनीच्या सूत्रातून येतो आणि सूत्र उघड नसते. घड्याळातली दोन मोजमापे मात्र कामाची आहेत: झोपेतली विश्रांतीची नाडी आणि ठोक्यांमधल्या अंतराची चढउतार, म्हणजे एचआरव्ही. दोन्हींची सात दिवसांची सरासरी काढा आणि ती फक्त स्वतःच्या मागच्या महिन्याशी ताडा, मित्राच्या आकड्याशी नको. विश्रांतीची नाडी नेहमीपेक्षा 5 ते 10 ने वर राहिली तर शरीर अजून सावरत आहे असा अंदाज बांधता येतो. पण रात्री उशिराचे जेवण, मद्य, अपुरी झोप, स्त्रियांत पाळीपूर्वीचे दिवस यांनीही ती वाढते, म्हणून या गोष्टींची नोंद शेजारी हवी.

पावले मोजण्यात मोठी खोट आहे. खराब रस्त्यावर दुचाकीने गेलात तरी काही घड्याळे पावले जोडतात. उलट दोन तास ओट्यापाशी उभे राहून स्वयंपाक केला तर घड्याळाच्या लेखी काही घडलेच नाही. पावलांसोबत दिवसभरात किती तास पाय जमिनीवर होते, उभे किंवा खुर्चीत, हे हाताने लिहा. थकव्याचे चित्र त्या तासांतून जास्त खरे दिसते.

कामात लक्ष लागत नाही असेही तुम्ही लिहिले आहे. त्यासाठी प्रतिक्रियावेळाची दहा मिनिटांची पीव्हीटी चाचणी असते: पडद्यावर खूण उमटली की बोट दाबायचे. अर्ध्या सेकंदापेक्षा उशीर म्हणजे एक चूक. सकाळी आणि काम संपल्यावर, एकाच फोनवर करा, कारण प्रत्येक फोनच्या पडद्याचा उशीर वेगळा. झोप कमी झाली तरी नेमका हाच परिणाम दिसतो, त्यामुळे कारण यातून कळत नाही.

प्रश्न : "रोज दहा टक्के चालणे वाढवा" असे सांगितले आहे. वाढवले की दोन दिवस उठवत नाही. मीच आळशी आहे का? (ठाणे)

नाही. श्रमानंतर एक-दोन दिवसांनी कोसळणे हे ओळखले गेलेले लक्षण आहे. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने 2021 च्या मार्गदर्शनात दीर्घ थकव्याच्या आजारात, म्हणजे एमई/सीएफएसमध्ये, ठरावीक टक्क्यांनी व्यायाम वाढवत नेण्याची पद्धत देऊ नये असे म्हटले आहे. तुम्हाला तोच आजार आहे असे आम्ही म्हणत नाही. पण लक्षण तेच असेल तर सावधगिरीही तीच हवी.

दोन आठवडे काहीही न वाढवता नोंद ठेवा: किती मिनिटे चाललात, नाडी जास्तीत जास्त किती गेली, पुढचे दोन दिवस कसे गेले. ज्या दिवसांनंतर कोसळला नाहीत त्यांतला मोठ्यात मोठा आकडा शोधा आणि काही दिवस त्याच्या पाऊणपटीवर राहा. सुरुवातीला नाडी विश्रांतीच्या नाडीपेक्षा सुमारे 15 ठोक्यांच्या आत ठेवायला काही तज्ज्ञ सांगतात. 70 असेल तर 85 पर्यंत. जिना चढताना ती ओलांडली जाते, म्हणून मधल्या टप्प्यावर थांबायचे.

दोन दिवस लागोपाठ सायकलवर श्वास मोजणारी सीपीईटी चाचणी ही घसरण आकड्यांत दाखवते. दुसऱ्या दिवशी आधीइतके जमत नाही, ते प्राणवायूच्या वापरात दिसते. पण तीच चाचणी कित्येकांना काही आठवडे मागे नेते. निकालावर एखादा मोठा निर्णय अवलंबून नसेल तर आम्ही ती सुचवणार नाही.

प्रश्न : वडील 68 वर्षांचे, मधुमेह आहे, बीपीची गोळी चालू आहे. त्यांचा थकवा यातल्या कशाने मोजू? (नागपूर)

आधी गोळीचे नाव पाहा. मेटोप्रोलोल, एटेनोलोल किंवा बिसोप्रोलोल असेल तर नाडी वाढूच दिली जात नाही, त्यामुळे नाडीवर आधारलेले सगळे आकडे खोटे दिलासा देतील. चाचणीसाठी गोळी मनाने बंद करू नका. ऊठ-बस मिनिटभराऐवजी 30 सेकंदांची करा, खुर्ची भिंतीला लावून, तुम्ही बाजूला उभे राहून. चाचणीआधी आणि नंतर साखर पाहा, कारण साखर उतरल्याचा थकवा वेगळा आणि त्याला उपाय लगेच आहे. मधुमेहात नसा कमजोर झाल्या असतील तर उभे राहिल्यावर बीपी पडते, म्हणून झोपून एकदा आणि उभे राहून पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला असे बीपी जरूर घ्या.

छातीत दुखणे, बसल्या जागी दम लागणे, बसून ऑक्सिजन 94 च्या खाली, शुद्ध हरपणे, एकाच पायाला सूज, यांपैकी काहीही असेल तर कसलीच चाचणी करू नका. त्याच दिवशी दवाखान्यात घेऊन जा. विषाणूनंतर हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. तिथे ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी रक्ततपासणी), ईसीजी आणि इको हवे, खुर्ची आणि घड्याळ नाही.